थांबाबाईंचा कान

थांबाबाईंना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. निलंग्याच्या दवाखान्यातल्या या डॉक्टरीणबाई चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायच्या, कप कुठल्यातरी खिडकीत विसरायच्या आणि मग तो शोधत सगळ्यांवर डाफरायच्या. दुसऱ्यांना मात्र एकच हुकूम, "थांबा!" त्यावरून हे नाव पडलं.

त्या स्वतः थांबायच्या ते फक्त पोटातल्या बाळाचे ठोके ऐकताना. लाकडी कर्ण्याचं रुंद तोंड बाळंतिणीच्या पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. तेव्हा भांडं वाजलेलंही त्यांना खपत नसे. "कळ आल्यावर ठोके जरा मंदावले तर मंदावू दे," त्या नर्सना बजावत, "पर कळ गेल्यावर फिरून जोर धराय पायजे. न्हाई धरला तर लेकरू दमलंय."

माझ्या पहिल्या खेपेला दुष्काळ होता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या रंगवल्या होत्या, नळ मात्र कोरडे. दवाखान्याच्या आवारात बोअरची गाडी धडधडत होती आणि भोवती घागरी घेऊन बाया उभ्या होत्या. आत मी कळांनी तळमळत होते. बाई कर्णा लावत, उचलत, पुन्हा लावत. बाळ गेलं असंच मला वाटलं आणि मी हंबरडा फोडला.

"गप गं! त्या गाडीच्या आवाजात काहीच ऐकू येईना गेलंय," म्हणत त्या बाहेर धावल्या. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"बंद करा ती गाडी!"

"बाई, ओली माती लागायलीय. आता कसं थांबावं?" एक म्हातारी कडाडली.

"मावशी, आत लेकराचं काळीज ऐकायचंय मला."

गाडी बंद झाली. बाहेर कुणी घागरसुद्धा हलवली नाही. बाईंनी मला कुशीवर वळवलं, कान लावला. एक कळ आली, गेली. दुसरी गेली. त्यांचा चेहरा उतरला.

"ठोके सावरंनात. आता थांबायचं न्हाई. सिस्टर, चिमटा आणा!"

चिमट्याने डोकं धरून ओढलेली मुलगी निळी पडून जन्मली आणि बऱ्याच वेळाने रडली. बाई गाडी सुरू करा म्हणायला बाहेर गेल्या, तर म्हातारीनेच आधी विचारलं, "लेकरू हाय का?" बोअरमधून पुढे नुसती धूळ निघाली, पण तिने मला कधी बोल लावला नाही.

पाऊस पडायच्या आत बाईंची बदली झाली. त्या पुन्हा भेटल्या नाहीत, याची हळहळ अजून वाटते.

तीच मुलगी पुढे लातूरला बाळंतपणाला आली. तिच्या पोटाला पट्टा बांधलेला, यंत्रातून ठोके खोलीभर ऐकू येत होते आणि नातेवाईक फोनवर बोलत होते. कळ आली, ठोके मंदावले.

"थांबा!" मी ओरडले.

सगळे गप्प झाले. कळ ओसरली. ठोक्यांनी हळूहळू फिरून जोर धरला. तेव्हा कुठे मी बसले.