आक्का आणि इस्लापूरचे गुरुजी

आक्कांचा कुठल्याही गोष्टीच्या एकाच नावावर विश्वास नव्हता. नांदेडच्या बाजारात गवारीच्या शेंगा घेताना त्या भाजीवालीला विचारत, "तुमच्या गावाकडं हिला काय म्हणतात?" मग आपल्या उदगीरकडं हिला कुणी कुणी गोरीकायबी म्हणतं, हे तिला सांगत. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली असत आणि भाजीवाली वैतागलेली. 'आक्का' हे नावही उदगीरच्या घरातलंच. आमच्या केंद्रात त्या खरं तर मॅडम होत्या, पण नवा आलेला माणूसही थोड्याच दिवसांत आक्काच म्हणू लागे.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा केंद्राचं काम मला नीट कळलंही नव्हतं. मराठवाड्यातल्या कॉलेजांनी, प्रयोगशाळांनी, शाळांनी आपापल्या अभ्यासाच्या पद्धती एका जागी आणून ठेवायच्या, म्हणजे एकानं केलेली मेहनत दुसऱ्याला पुन्हा करावी लागू नये. पद्धत म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पायऱ्यांची साखळी. विहिरींची मापं आत घ्यायची, चुकलेली बाजूला काढायची, पावसाशी जुळवायची, नकाशा काढायचा. आक्का येण्याआधी हे सगळं फोल्डरांत कोंबलेलं होतं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'सरांनी सांगितलेलं फायनल'. कुणालाच काही सापडत नसे, म्हणून जो तो पहिल्यापासून सुरुवात करी.

आक्कांनी फोल्डर मोडले आणि सगळं ग्राफ डेटाबेसमध्ये घातलं. प्रत्येक पायरी एक ठिपका, आणि कोण कुणाला लागून आहे ते दाखवणाऱ्या रेषा. लातूरच्या कॉलेजानं केलेली एखादी पायरी किनवटकडच्या साखळीतही असेल, तर ठिपका एकच, रेषा दोन. मला समजावताना त्या म्हणाल्या होत्या, "फोल्डरात टाकली की वस्तू एकाच घरची होऊन बसती. पायरी लई घरची असती."

त्यावर खुणा लावायच्या, म्हणजे टॅग. आमच्या प्रमुखांचं म्हणणं होतं की खुणांचे शब्द समितीनं ठरवावेत आणि तेवढेच चालवावेत. आक्का शांतपणे म्हणाल्या, "सर, ज्याला तुमचा शब्द ठाऊक हाय, त्याला निम्मं काम ठाऊकच असतंय. शोधत येतो तो ज्याला ठाऊक न्हाई." प्रमुख त्यांच्याशी पुढं बरेच दिवस तुटक वागले. पण 'भूजल पातळी' आणि 'पाणी खोल गेलं' या दोन खुणांमध्ये आक्कांनी रेष ओढलीच. कुठल्याही शब्दानं शोधा, दोन्हीकडचं समोर येई.

रोज सकाळी आल्या आल्या त्या एकच गोष्ट बघत. काल आलेल्यांपैकी कुठल्या ठिपक्याला एकही रेष नाही? तसा सापडला की पाठवणाऱ्याला लिहीत, विचारत, आणि दुपारपर्यंत त्याला कुठंतरी जोडून टाकत. "ह्याचं कुणीतरी असणारच," असं पुटपुटत.

त्यांचं स्वतःचं मात्र नांदेडात कुणी नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ गेल्यावर उदगीरचं घर बंद झालं, भाचे हैदराबादेला. गोदावरीकडच्या एका घराच्या माडीवर त्यांची खोली होती. रविवारीही त्या केंद्रात येऊन बसत आणि डबा स्क्रीनसमोरच खात. मी एकदा घरी जेवायला बोलावलं. आल्या, माझ्या बायकोला पोळ्या लाटू लागल्या, आपलं ताट स्वतः घासलं आणि उजेड असतानाच निघून गेल्या. पुन्हा बोलावलं की म्हणत, "येते की," पण येत नसत.

त्यांचं बोलणं व्हायचं ते इस्लापूरच्या गुरुजींशी. ते तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत आणि मुलांना घेऊन गावातल्या विहिरींचं पाणी मोजत. लातूरकरांची साखळी त्यांनी उचलली, खडकाळ जमिनीला जुळेल अशी बदलली आणि परत पाठवली. त्यांच्या खुणा आक्कांना फार आवडत. 'आटत आली', 'दोर पुरेना'. साखळीखाली शेरे लिहायला जागा असे, तिथं दोघं लिहीत. आधी कामाचंच. मग हळूहळू, 'आक्का, आज धबधब्याचा आवाज शाळेपर्यंत येतोय.' 'गुरुजी, आमच्याकडं नुसतं ऊन हाय.' असं बरीच वर्षं चाललं. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकलेला नव्हता.

एका उन्हाळ्यात गुरुजींचं लिहिणं थांबलं. आक्कांनी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "उद्या इस्लापूरला येतोस का?" मी हो म्हणालो.

एस्टीनं आम्ही गेलो. शाळेत कळलं की गुरुजींची बदली किनवटला झाली. आक्कांनी तोंडातल्या तोंडात "बरं हाय म्हणजे," एवढंच म्हटलं आणि आम्ही जीपनं पुढं निघालो. पोचेपर्यंत शाळा सुटली होती, गुरुजी घरीच सापडले. माझ्यापेक्षाही तरुण होते. आक्कांनी नाव सांगितल्यावर गडबडून गेले, खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. नव्या शाळेत दहावीचे वर्ग आहेत, विहिरींचं काम मागं पडलं, असं सांगताना ते सारखं 'मॅडम, मॅडम' म्हणत होते.

"मॅडम, तुम्ही एवढ्या लांब, माझ्यासाठी?"

"न्हाई, इकडं काम होतं," आक्का म्हणाल्या.

चहा संपताच आक्का उठल्या. परतीच्या एस्टीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. भोकर गेल्यावर म्हणाल्या, "माणूस बरा हाय. तब्येत चांगली हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या कामाला बसल्या.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि भाचा येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला. स्टेशनवर मी पाया पडलो, तर म्हणाल्या, "सकाळचं बघत जा रे." मी बघतो. महिन्यातून एकदा फोनही करतो. सगळे कामावर गेले की घरात त्या एकट्याच असतात. पहिल्या घंटीलाच उचलतात.

परवा केंद्रात गुरुजींचा फोन आला. नव्या शाळेतली मुलं विहिरी मोजायला तयार झाली होती आणि जुनी साखळी कुठून सुरू करावी ते त्यांना आठवत नव्हतं. मी ती काढून देतो म्हणालो. ते घुटमळले. "आक्का न्हाईत का तिथं?" मी नंबर दिला.

तासाभरानं हे सांगायला आक्कांना फोन लावला, तर लाइन बिझी. चहा घेऊन आलो, पुन्हा लावला. तरी बिझीच. मग मी काही लावला नाही.