अक्कानं न केलेली सही

सकाळी सव्वासातला फोन वाजला. पडद्यावर हिराबाईंचं नाव होतं. हिराबाई आमच्या गावच्या माजी सरपंच. त्यांचं माझ्याकडं काम असं कधी नसायचं, जे असायचं ते माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं. "गुरुजी," त्या म्हणाल्या. "बाई उठल्याच न्हाईत आज. दूध घिऊन गेल्ते. हात लावला तर गार." डॉक्टरांना बोलावलंत का, असं मी विचारलं. असल्या वेळी माणूस काहीतरी विचारतोच. "बोलावलंय. पर तुमी निघा आता," त्या म्हणाल्या. नगरहून पुणतांब्याच्या अलीकडं आमचं गाव, एसटीनं अडीच-तीन तास. त्या सगळ्या वाटेत मला रडू आलं नाही. एकच विचार छळत होता. अक्काशी एक गोष्ट बोलायची राहून गेली होती. दहा-अकरा वर्षं मी ती उद्यावर ढकलत आलो होतो आणि आता ती ऐकायला माणूसच उरलं नव्हतं.

त्याला आज पाच आठवडे झाले. ती गोष्ट मी इथं लिहितो आहे.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तिचं नाव मार्था आणि माझं शमुवेल. गावच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र ती मथुरा आणि मी शामराव, आणि धर्माच्या रकान्यात दोघांपुढंही हिंदू. आमचे वडील दर रविवारी चर्चची घंटा वाजवायचे, पण पोरांचं नाव घालताना मास्तरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ख्रिस्ती लिहिलंत तर पुढं सवलती मिळायच्या नाहीत, लेकरांचं नुकसान होईल. वडिलांनी ऐकलं. त्यांना मी आजही दोष देत नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून गावानं आम्हाला विहिरीवर पाणी भरू दिलं होतं असं नव्हे. जात जशी होती तशी अंगाला चिकटून होती, फक्त सरकारच्या लेखी ती पुसली गेली होती. आमच्या वस्तीत बहुतेक घरांत अशी दोन-दोन नावं होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शामराव या नावावर मला जातीचा दाखला मिळाला, दाखल्यावर शिक्षकाची नोकरी मिळाली. बत्तीस वर्षं मी मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवलं.

अक्का मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करायची. दाजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. दवाखाना बंद पडल्यावर ती गावी परतली आणि वस्तीच्या टोकाला दोन खोल्यांत राहू लागली. गावात तिच्या नावाचं मार्ताबाई झालं होतं. कुणाला राहात्याच्या दवाखान्यात न्यायचं असलं, कुणाची सून माहेरी निघून गेली असली, बांधावरून भावाभावांत जुंपली असली, की माणसं तिच्या ओट्यावर येऊन बसायची. ती फार बोलत नसे. दोन्ही बाजू ऐकायची आणि ज्याचं चुकलं त्याला त्याच्या तोंडावर सांगायची, मग तो बागायतदार असो की तिच्याच चर्चच्या मंडळीतला. एकदा चर्चच्या आवारातलं लिंबाचं झाड परस्पर तोडून नेणाऱ्या आमच्याच चुलत्याला तिनं रविवारी सगळ्यांसमोर उभं केलं होतं. चुलते वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. पण स्वतःच्या पोराचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा ते पहिल्यांदा तिच्याकडंच आले.

मग ती निवडणूक आली. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघालं आणि गावात सगळ्यांच्या तोंडी अक्काचंच नाव आलं. बागायतदारांत मान असलेले आप्पा स्वतः तिच्या ओट्यावर आले, खाली बसले, तिच्या हातचा चहा प्यायले. वस्तीनं ते डोळे भरून पाहिलं. "मार्ताबाई, तुमीच उभ्या ऱ्हावा," आप्पा म्हणाले. "तुमी असल्यावर कोन खायचं न्हाई आन कोन खाऊ देनार न्हाई." तिनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी मला फोन करून बोलावून घेतलं आणि आम्ही उमेदवारीचा अर्ज भरायला तालुक्याला, राहात्याला गेलो.

तहसीलच्या आवारात कागद लिहून देणारा टेबल टाकून बसला होता. त्यानं अक्काचा शाळेचा दाखला पाहिला आणि लिहायला घेतलं. "नाव मथुरा. धर्म हिंदू. बरोबर?"

"मार्था," अक्का म्हणाली. "आन धर्म ख्रिस्ती."

तो हसला. "बाई, दाखल्यावर जे हाय तेच लिहावं लागतं. ख्रिस्ती लिहिलं तर ही जागा तुमची ऱ्हात न्हाई. तुमच्यातले सगळे असंच करत्यात. सही करा हितं."

अक्का त्या कागदाकडं बघत राहिली. मी तिच्या कानाशी वाकलो. म्हणालो, अक्का, दोन अक्षरांनी काय होतंय, गावाचं भलं होणार आहे. तिनं पेन टेबलावर ठेवलं, पदर सारखा केला आणि उठली. रसवंतीच्या बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "शाळंत तसं बापानं लिहिलं, तवा मी सहा वर्सांची हुते. ही सही माझी असंल, शमू. रोज सकाळी गुडघे टेकून ज्याचं नाव घ्येते, तो माझा न्हाई, असं कसं लिहून दिऊ? आन पयल्याच दिवशी खोटं लिहून त्या खुर्चीवर बसले, तर दुसऱ्याला खोटं करू नको म्हनायला माझी जीभ कशी उचलंल?"

मी चिडलो. इतका चिडलो की बाकी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. म्हणालो, कायदाच मुळात अन्यायाचा आहे. आपल्याला विहिरीपासून हाकललं तेव्हा कुणी धर्म विचारला होता?

"कायदा चुकीचा हाय, हे खरं. त्यासाठी भांडू. मी येते मोर्चाला."

"मग मी काय खोटा?"

तिनं आपला रस पिऊन ग्लास खाली ठेवला. माझ्याकडं बघितलंही नाही... माझा ग्लास तसाच ठेवून मी नगरची गाडी पकडली आणि पुढं सहा वर्षं तिच्या दारात पाऊल टाकलं नाही. रागावलो होतो असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे घाबरलो होतो. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. सख्खी बहीण ख्रिस्ती असल्याचं त्याच कार्यालयात नोंदवलं गेलं, तर उद्या माझी फाईल उघडली जाईल, ही ती भीती होती. अक्काला ती कळली होती, हे मला फार उशिरा समजलं.

गावात परतल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "माझ्यानं व्हनार न्हाई." का, ते सांगितलं नाही. दाखल्याचंच अडलं असेल असं वाटून लोक म्हणाले, गुरुजींनी काढलाच ना दाखला, मग तुम्हालाच काय अडचण? या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर भावाला चारचौघांत खोटारडं म्हणावं लागलं असतं. तिनं ओठ मिटून घेतले. गावानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. बाईला ताठा आलाय, बाईला गावाची घाण हाताला लागू द्यायची नाही. आप्पा पुन्हा तिच्या ओट्यावर चहाला आले नाहीत.

तिच्याऐवजी हिराबाई निवडून आल्या. त्यांचा नवरा एका मोठ्या बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर होता. हिराबाईंना सही तेवढी करता यायची आणि त्या बागायतदाराचा माणूस घरी कागद आणून जिथं बोट ठेवील तिथं त्या ती करायच्या. वस्तीसाठी मंजूर झालेली पाण्याची टाकी अशाच एका सहीनं गावाच्या दुसऱ्या अंगाला, त्या बागायतदाराच्या पोल्ट्रीजवळ गेली. वस्ती कालव्याकडेच्या जुन्या विहिरीचंच पाणी पीत राहिली. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला हगवण-उलट्यांची साथ आली. अक्का घरोघर फिरून पाणी उकळायला लावत होती, मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. शेजारच्या कांताची चार वर्षांची मुलगी अक्काच्या मांडीवरच गेली, राहात्याला नेणाऱ्या टेम्पोत.

माती देऊन आल्यावर कांता अक्काच्या दारात उभी राहिली. त्या वेळी हिराबाई तिथं होत्या, त्यांनीच हे मला सांगितलं. कांता ओरडली नाही. म्हणाली, "तू उभी ऱ्हायली असतीस तर टाकी हितं झाली असती. आन माझी पोर ऱ्हायली असती. एवढा कसला तुझा ताठा, बाई?" अक्का म्हणाली, "कांता, तू म्हनतीस ते मला खोडता येत न्हाई." कांता गेली आणि नंतर त्या दारात कधी आली नाही. समोरासमोर घरं, मधे दहा पावलांचा रस्ता.

अक्का चार दिवस अंथरुणाला खिळून राहिली. पाचव्या दिवशी उठली ती थेट हिराबाईंच्या घरी गेली. हिराबाईंना वाटलं, आता ही आपल्याला शिव्या देणार. अक्कानं पाटी-पेन्सिल पुढं ठेवली. "सही करायच्या आधी वाचता आलं पायजे. रोज दुपारी येत जा." हिराबाई लपत-छपत, मागच्या गल्लीनं यायच्या. आठ महिन्यांत त्या अडखळत का होईना, कागद वाचू लागल्या. नवऱ्याचा मार खाल्ला, पण एक दिवस कागद घेऊन आलेल्या बागायतदाराच्या माणसाला म्हणाल्या, "ठिवून जा. वाचून सांगते." सरपंचपदाच्या शेवटच्या वर्षी, त्यांनी स्वतः वाचून केलेल्या सहीनं वस्तीत दुसरी टाकी आली. त्या दिवशी ग्रामसभेत हिराबाईंनी अक्काचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का सभेला गेलीच नव्हती. "त्या टाकीकडं बघितलं की मला ती पोर दिसती," असं म्हणाली म्हणे.

निवृत्त झाल्यावर मी पुन्हा जायला लागलो. पहिल्या दिवशी तिनं "आलास व्हय," एवढंच म्हणून भाकरी टाकली. त्या विषयावर आम्ही दोघंही बोललो नाही. शेवटची भेट ती जाण्याच्या तीन आठवडे आधीची. दुपारी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो आणि तिनं आपणहून विषय काढला. "शमू, शास्त्रात तो सुभेदार हाय बघ, प्रभूला वधस्तंभावर द्यायच्या आधी सगळ्यांफुडं पान्यानं हात धुतो, या रक्ताबद्दल मी निर्दोषी म्हनतो. मला कदी कदी वाटतं, मी तेच केलं का? माझं तेवढं हात सोच्छ ठिवलं... आन पोर गेली."

मी म्हणालो, नाही अक्का, तू खरं वागलीस.

"मी खोटं लिहिलं न्हाई. पर खरं बोलले बी न्हाई. लोकांफुडं उभं ऱ्हाऊन सांगायला पायजे हुतं, ह्या कारनानं मी सही करत न्हाई म्हनून. मग लोकच म्हनले असते, बरं, दुसरी कोनतरी चांगली बाई बघू. मी गप्प बसले, म्हनून भलत्यांनी हिराबाईला फुडं केलं."

ती कुणासाठी गप्प बसली ते तिनं तेव्हाही म्हटलं नाही. माझ्या हातात शेंगा होत्या. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, अक्का, ते ओझं तुझं नव्हे, माझं आहे. मी म्हणालो, "चहा टाकतेस का?" तिनं टाकला.

दफनाला अख्खं गाव आलं. आप्पा थकले आहेत, त्यांना दोघांनी धरून आणलं होतं. चर्चच्या पाळकांनी तिच्या विश्वासाबद्दल, तिच्या सचोटीबद्दल सांगितलं, पुढारी असावा तर असा, असं म्हणाले. लोक माना डोलवत होते आणि मला कबरीच्या कडेला उभं राहवत नव्हतं. तिचा खरेपणा सगळ्यांनी वाखाणला, पण त्याची किंमत तिला किती पडली आणि त्यातली किती माझ्यामुळं वाढली, हे तिथं मला एकट्यालाच माहीत होतं. मी चार शब्द बोलावेत म्हणून पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. तिथंही.

आठवड्यानं घर आवरायला परत गेलो, तेव्हा मात्र रस्ता ओलांडून कांताच्या अंगणात गेलो. ती ज्वारी निवडत होती. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. राहात्याचा कागद, माझा दाखला, माझी भीती, अक्काचं गप्प राहणं. कांता ऐकत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "हे तुमी तवाच सांगायचं हुतं, गुरुजी." माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. हे छापून आल्यावर माझ्या कागदांचं, पेन्शनीचं काय व्हायचं ते होईल. घरात यावरून भांडण झालं आहे, मुलगा बोलत नाही. वडिलांना मी दोष देत नाही, आमच्या वस्तीतल्या कुणालाही देत नाही. पोट असतं, लेकरं असतात. पण अक्काच्या मौनामागं लपून मी जे जगलो, ते मात्र वेगळं होतं, आणि त्याला कायद्याचा अन्याय हे कारण पुरत नाही.

संध्याकाळी घर बंद करायला गेलो तर कुलूपच सापडेना. सगळी फळी, पेटी, चुलीमागचा कोनाडा पाहिला. आवरायला मदतीला आलेल्या हिराबाई म्हणाल्या, "बाईंनी कदी कुलूप घेतलंच न्हाई. शेताला गेल्या तरी दार नुस्तं लोटून जायच्या." मी चौकातल्या दुकानातून एक नवं कुलूप आणलं. कडी लावून ते अडकवत होतो, तेवढ्यात मागं कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. कांता होती. तिच्या हातात केरसुणी होती.

"कुलूप नका लावू, गुरुजी," ती म्हणाली. "इतकी वर्सं ह्या दारात आले न्हाई. आता तरी बसू द्या."

मी कडी काढली. ती आत गेली आणि केर काढू लागली.