तळ्याकाठी काढून ठेवलेलं चिलखत

बारावीची परीक्षा झाली आणि मी भोकरदनला ताईकडे राहायला गेलो. घराच्या पुढच्या खोलीत दाजींचं लग्नपत्रिकांचं दुकान, आणि दुकानात एकच कॉम्प्युटर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दाजी त्यावर खेळ खेळत. राक्षस मारत पुढे जाणारा एक वीर होता. त्याचं सोनेरी चिलखत मिळवायला दाजींना दोन महिने लागले होते. आता वीर डोंगरातल्या गरम पाण्याच्या तळ्यापाशी पोचला होता. निळंशार पाणी, वर वाफ. आत उतरलं की सगळ्या जखमा भरून यायच्या.

एके दिवशी दाजी कागद आणायला जालन्याला निघाले. "पाव्हणं, दुकान बघा. खेळाला हात लावू नका."

एस्टी सुटली असेल-नसेल, मी हात लावला.

आमच्या गावी उन्हाळ्यात टँकरच्या दोन तांब्यांत अंघोळ. एवढं पाणी बघून मलाच न्हावंसं वाटलं. पण कुंडात कुणी पायताण घालून उतरतं का? आमच्याकडे तर कमरेचा चामड्याचा पट्टासुद्धा चालत नाही. मी वीराचे बूट काढले, चिलखत काढलं, तलवार-ढाल काढली, सगळं काठावर ओळीनं मांडलं आणि त्याला लंगोटीवर पाण्यात सोडलं. पाच डुबक्या दिल्या, सहावी पूर्वेकडं तोंड करून.

बाहेर येऊन बघतो तर काठ साफ! खाली टाकलेली वस्तू त्या खेळात थोड्या वेळानं नाहीशी होते, हे ज्ञान मला तेव्हा झालं.

तरी वाचलो असतो; आधी सेव्ह केलेला खेळ उघडला की चिलखत परत. पण लाईट कधीही जाते, सारखं सेव्ह करत जा, हे पत्रिका टाइप करताना दाजींनीच माझ्या अंगात भिनवलं होतं. शेवटच्या डुबकीनंतर मी शहाण्यासारखं सेव्ह केलं होतं. जुन्यावरच.

संध्याकाळी दाजींनी पडदा बघितला.

"हा उघडा का हिंडून राह्यला?"

"अंघोळ केली त्यानं."

"आन् चिलखत?"

"काढून ठेवलं व्हतं, दाजी. कुंडात तसंच कसं उतरायचं?"

दाजींनी वीराला तळ्याच्या काठाकाठानं फिरवून सगळीकडं शोधलं. ताईनं आतून विचारलं, काय झालं?

"काई न्हाई. तुझा भाऊ लई सोवळ्याचा निघाला." मग माझ्याकडे वळून, "चिलखत मिळस्तोर गावाला जायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

मी मान खाली घातली, ती हसू दिसू नये म्हणून.

पुढचा महिनाभर मी राक्षस मारत होतो आणि दाजी शेजारी बसून "डावीकडं! आरं डावीकडं!" ओरडत होते. गिऱ्हाईक आलं की दोघंही चिडायचो. चिलखत मिळालं त्या दुपारी ताईनं शिरा केला. कशाबद्दल, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मंग, उद्याच्या गाडीनं जाता का गावाला?" दाजींनी विचारलं.

"ढाल राह्यली की अजून."

दाजींनी शिऱ्याची ताटली बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली.