बेडूक हो म्हणाला

वाडीच्या गोदामांत मी ट्रक भरत होतो, तेव्हाची गोष्ट. शाळा माझी चौथीतच सुटली, पण मला कोणी उल्लू बनवावं असा मी माणूस नव्हतो. तरी त्या वर्षी जे झालं ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळलेलं नाही.

बायकोला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पोट असं झपाट्यानं वाढलं की चौथा महिना सहावा वाटे. उलट्या थांबत नव्हत्या. माझी माय म्हणे, "जुळे हायेत." मी गोदामभर सांगून बसलो. मग एक दिवस रक्त जायला लागलं. रिक्षात घालून तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. गर्भाची पिशवी साफ केल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, आत मूल नव्हतंच. मुलाला पोसणारी वार बिघडून तिचे द्राक्षांसारखे फुगे झाले होते."

"मूल नोतं, तं पोट काहून वाढलं?"

"त्या फुग्यांनीच."

मी अडून बसलो, म्हटलं दाखवा. त्यांनी एका पसरट भांड्यात दाखवलं. खरंच घोस होता. पाहून डोकं जास्तच फिरलं. माय विचारत होती, "पुराचं का नाही?" मूल नव्हतं तर पुरायचं काय? आणि नव्हतंच तर ही रडते कोणासाठी?

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "याचा अंश आत उरला तर तो वाढतो. फुफ्फुसात गेला तर हिच्या जिवावर बेतेल. तपासणीला लघवी आणत जा."

म्हणून सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन मी सायकलनं दवाखान्यात जाऊ लागलो. तेव्हा गर्भाची तपासणी बेडकावरच होई; तिथं एका हौदात बेडूक ठेवलेले. तपासणारा माणूस ती लघवी बेडकाला टोचायचा आणि काही तासांनी बेडकाचं पाणी भिंगाखाली पाहायचा. म्हणायचा, "बाईच्या अंगात गर्भाचं काही असलं तं हे बेडूक सांगते, भाऊ."

गोदामावर पोरं चिडवत, "काय गा, आज बेडूकबुवा काय म्हणते?"

पहिल्या काही खेपा बेडूक नाही म्हणाला. मग एकदा तो माणूस म्हणाला, "आज हो म्हणून राहिला. डॉक्टरीणबाईले भेटून जा."

मी कशाला भेटतो? मी मनाशी जुळवलं, जुळ्यातलं एक दडून राहिलं असणार. गोदामावर जिलेबी वाटली, उरलेली घरी आणली. बायकोनं हात लावला नाही.

"बाईले इचारलं का तुमी?"

"तिले काय इचाराचं वं? बेडूक खोटं बोलते का?"

"बेडूक खरंच बोलते. म्हणूनच भेव लागून राहिलं मले."

सकाळी तीच मला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादा, हे मूल नाही. आजार उरलाय." तिला त्याच दिवशी भरती केलं. सुया सुरू झाल्या, तोंड आलं, केस गळाले. मी बाहेरच्या बाकावर बसून असे. बाजूच्या एका माणसाच्या बायकोलाही बेडूक हो म्हणाला होता. तो पेढे वाटत होता. मलाही दिला. तोच बेडूक, तेच हो. मी पेढा हातात धरून बसलो. खावा की नाही, कळेना.

पुढं कितीतरी बाटल्या नेल्या. मग बेडूक नाही म्हणू लागला, आणि नाहीच म्हणत राहिला. शेवटी एक दिवस डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "आता भीती नाही." मी घरी आलो, पण तोंड कसं करावं ते समजेना. बायको डोक्याला फडकं बांधून दारात बसलेली.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला. काहीच नाही."

ती एवढी हसली की मायबी बाहेर आली. बायको म्हणाली, "मंग हात हालवत काहून आले? जिलेबी कुठी हाय?"

"काहीच नाही म्हणून जिलेबी?"

"हो. काहीच नाही म्हणून. जा लवकर."

मी सायकल वळवली. हलवाई ओळखीचा. कढईतून मान वर करून म्हणाला, "वा गा! पोरगा का पोरगी?"

मी सायकल भिंतीला टेकवली. मागं गिऱ्हाईक खोळंबलं.

"बायको," म्हटलं. "अर्धा किलो बांध."