लायसनपुरता धोका

"धोका नुसता असून भागत न्हाई भाऊ, दाखवावा लागतो," लायसन काढून देणारा एजंट म्हणाला आणि त्यानं बशीत चहा ओतला.

मी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काका सोफ्यावर, बाबा कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. नांदेडच्या आमच्या घरात बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. घर काकांचं, वरच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. काका प्लॉटिंग करतात, म्हणजे शहराबाहेरची शेतं घेऊन तुकडे पाडून विकतात. बाबा शिक्षक आहेत. माझ्या इंग्रजी शाळेची फी काकांनी भरली, आणि ते मला कधी विसरू दिलं गेलं नाही.

काकांना पिस्तुलाचं लायसन हवं होतं. अहमदपूरच्या एका लग्नात लातूरच्या कुणा प्लॉटिंगवाल्यानं पंगतीला बसताना कोट काढला आणि त्याच्या कमरेचं पिस्तूल सगळ्यांना दिसलं. मग वाढपी त्याच्याच पानापाशी घुटमळत राहिले. काकांना जिलबी मागून घ्यावी लागली. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

नियम इंग्रजीत, म्हणून ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवर बघून मी एकेक सांगत होते. बाहेर नेताना हत्यार झाकलेलं पाहिजे. लग्नात, वरातीत बार काढला तर लायसन असूनही गुन्हा. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला सांगू शकतात.

"दिसू द्यायचं न्हाई, वाजवायचं न्हाई," काका म्हणाले. "मग घ्यायचं कशाला?"

त्यांना उत्तर नको होतं. जिवाला धोका कशामुळे आहे ते सांगावं लागतं, पोलीस घरी येऊन चौकशी करतात, आणि खोटी माहिती देणं हाही गुन्हाच, हे मी वाचलं तेव्हा एजंट हसला.

"ताई लई बारीक वाचतात. बरं भाऊ, कुणाशी वाकडं हाय का?"

काकांनी जरा विचार केला आणि माझ्या शाळेच्या रिक्षावाल्याचं नाव सांगितलं.

त्या रिक्षानं मी पहिलीपासून दहावीपर्यंत शाळेत गेले. मी मागे बसून एक शब्द बोलत नसे. रिक्षावाले काका त्यावरून कधी चिडवत नसत. पुढे त्यांनी आमच्या काकांकडून प्लॉट घेऊन घर बांधलं. नकाशात घरासमोर रस्ता होता. काकांनी नंतर तो रस्ताही प्लॉट म्हणून विकून टाकला. काही दिवसांपूर्वी रिक्षावाले काका आमच्या फाटकाशी आले होते. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. बाबा आत होते. दोघांनीही सगळं ऐकलं.

"भाऊ, पाण्याचा टँकर आत येईना. बायको घागरी वाहून राहिली. नकाशातला रस्ता तेवढा द्या. न्हाई तर मला कलेक्टर ऑफिसात अर्ज द्यावा लागंल."

"देऊन तर बघ," काका म्हणाले होते. "रिक्षासकट नदीत टाकीन."

आता सोफ्यावर बसून तेच काका सांगत होते, की रिक्षावाल्यानं फाटकाशी येऊन जिवे मारायची धमकी दिली. सांगताना त्यांचा आवाज जरासा कापलादेखील. मला वाटतं, तोवर त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

"घरातल्या कुणी ऐकलं असंल तर काम पक्कं," एजंट म्हणाला.

"ही होती की गॅलरीत."

"मग झालंच! शिकलेली पोरगी, त्यात बोलती कमी. जमादार आले की नुसतं हो म्हणायचं, ताई."

मी बाबांकडे पाहिलं. ते रिकाम्या कपात काहीतरी शोधत होते.

वर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "पोलिसांत नाव गेलं तर त्यांचा रिक्षा चालवायचा बॅज राहील का? आणि त्यांचा रस्त्याचा अर्ज मग कोण वाचणार?"

"आपल्याला याच घरात राहायचंय," बाबा म्हणाले. "एका शब्दाचा तर प्रश्न आहे." बाबा शाळेत नागरिकशास्त्र शिकवतात. त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला आणि लाल पेनानं चुका काढत बसले.

अर्ज गेल्यावर एका सकाळी ठाण्याचे जमादार चौकशीला आले. काकांनी त्यांच्यासाठी काजू काढले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर जमादार माझ्याकडे वळले.

"बेटा, तू ऐकलंस म्हणे. काय म्हणाला तो रिक्षावाला?"

"लाजाळू हाय, साहेब," काका म्हणाले. "दहा वेळा इचारलं तर एकदा बोलंल." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाळेची फी भरून आले की असाच ठेवायचे, आणि तेव्हा त्यांच्या पाया पडायचं असायचं. बाबा दाराशी उभे होते, नजर फरशीवर. जमादारांनी पेन उघडलं.

"रिक्षावाले काका रस्ता मागायला आले होते," मी म्हणाले. "नदीत टाकायची धमकी आमच्या काकांनी दिली. यांना पिस्तूल देऊ नका."