बिनअस्तराचा कोट

अकोल्याच्या कोर्टात वकिली करताना मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर माझ्या काळ्या कोटानं. तो होता पॉलिस्टरचा. ऑक्टोबरच्या दुपारी उलटतपासणी घेताना पाठीवरून घाम ओघळायचा आणि घरी येऊन कोट काढला की पाठ घामोळ्यांनी पेटलेली असायची. अमरावतीच्या एका ज्येष्ठ वकीलबाई म्हणाल्या, वर्स्टेडचा शिवून घे. लांब तंतूंच्या लोकरीचं, घट्ट पिळाच्या सुतानं विणलेलं ते पातळ कापड. त्यातून हवा खेळते आणि ते सहसा चुरगळत नाही.

अमरावतीला जाऊन राजापेठेत मी लोकरीचं पातळ कापड मागितलं की दुकानदार माझ्याकडे बघत राहायचे. आपल्याकडे लोकर म्हणजे स्वेटर. एकानं थंडी पडल्यावर यायला सांगितलं. दुसऱ्यानं मिश्रणाचं कापड शुद्ध लोकर म्हणून पुढे टाकलं. शेवटी एका जुन्या दुकानात हवं ते सापडलं. मुठीत आवळून सोडलं, तर आपोआप सरळ झालं.

मग शिंप्यांचे उंबरठे. लेडीज टेलरना कोटाचा खांदा जमेना, जेन्ट्सवाले बाईचं माप घेईनात. पिशवी घेऊन फिरून मी वैतागले. अखेर एक वयस्कर चाचा तयार झाले, माप त्यांच्या बायकोनं घेतलं. मी बजावून सांगितलं, अस्तर फक्त खांद्यांना आणि बाह्यांना लावा, पाठ मोकळी ठेवा. त्यांनी मान डोलावली.

कोट अंगाला सुरेख बसला. आतून उघडला, तर गळ्यापासून खालपर्यंत चकचकीत पॉलिस्टरचं अस्तर. इतकी वणवण कशासाठी केली होती मी? मला रडूच यायला लागलं.

"चाचा, पाठीला नको म्हटलं होतं ना मी?"

"बेटा, अर्ध्या अस्तराचा कोट मी कधी कोनाले देल्ला नाई. लोक काय म्हनतीन?"

कोटाच्या आत लोक बघत नाहीत, माझी पाठ असते, असं मी म्हटलं. ते हटेनात. मी मोठ्यानं बोलायला लागले, तशी आतून चाची आल्या. त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि नवऱ्याला न विचारता पाठीची शिवण उसवायला सुरुवात केली.

"पोरगी गरमीनं मरून राहिली, अन् तुमाले लोकाइचं पडलं," एवढंच त्या म्हणाल्या.

उघड्या पडलेल्या शिवणींना मग चाचांनीच नीट पट्टी लावून दिली.

तो कोट घालून कोर्टात गेले त्या दुपारी पहिल्यांदाच माझं लक्ष पाठीकडे गेलं नाही. हे सुख रविवारपर्यंत टिकलं. रविवारी नवऱ्यानं मला मदत म्हणून कोटाला कडक इस्त्री केली. वर ओलं फडकं न ठेवता, थेट. लोकर दबली, पाठभर जुन्या, झिजलेल्या कापडासारखी चमक आली. वाफ देऊन पाहिली, ओल्या फडक्यानं दाबून पाहिलं; थोडी उतरली, गेली नाही. नवरा म्हणाला, नवा शिवून घे.

न्यायाधीशांना माझी पुढची बाजू दिसते. चमक दिसते ती मागच्या बाकांवरच्या लोकांना. परवा एका अशिलानं काळजीनं विचारलं, "काहून वो म्याडम, जुना कोट घातला?"

मी त्याला पुढची तारीख सांगितली.