शेवटचा भागाकार

आबा गेल्याचं कार्ड नगरच्या वसतिगृहात पोचलं, तेव्हा त्यांचा दहावाही उरकला होता. माझ्या थोरल्या भावानं दोनच ओळी लिहिल्या होत्या. कार्ड खिशात घालून मी गणिताच्या तासाला जाऊन बसलो... सांगावं असं तिथं कुणी नव्हतं.

आबा आमच्या देवळाली प्रवरेकडे पाटकरी होते. पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना वाटायचं, हे त्यांचं काम. चौथी शिकलेले, मागंपुढं कुणी नाही, मुक्काम पाटावरच्या चौकीत. पार शेपटाच्या, म्हणजे पाटाच्या टोकाला सगळ्यात शेवटी पाणी मिळणाऱ्या शेतातून “पोचलंऽ” अशी हाळी आल्याशिवाय पाळी संपली असं ते मानत नसत. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानंच भाग जात नाही ती मूळ संख्या, हे मी अकरावीत असताना त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “जलम वाटन्यात गेला, बाळू. कुनालाच वाटता येत न्हाई असा एक मोठा आकडा गावला पायजे.” दहा लाखापासून खाली उतरत ते नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशीपाशी अडले. हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, हे मी समजावलं. तरी एकशे अडुसष्ट भागाकार! दुष्काळात पाट कोरडा पडला, तेव्हा ते वही घेऊन कठड्यावर बसत. जाणारा-येणारा विचारी, “आबा, वहीत तरी पानी हाय का?” “हाय की. पन तुला न्हाई मिळायचं, भागच जात न्हाई!”

दिवाळीत मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “आबा, उगाच शिणू नका. ती मूळच आहे, कॉलेजातल्या पुस्तकात छापलंय.” “असं व्हय?... बरं झालं,” म्हणून त्यांनी वही मिटली आणि चहा ठेवला. परतताना एसटीत वाटत राहिलं, या माणसाजवळ एवढंच होतं, तेही मी संपवलं. पत्र लिहून माफी मागायची होती. लिहिलं नाही.

गेल्या आठवड्यात गावी गेलो, तर भावानं ती वही हातात दिली. “तुलाच द्या म्हनले हुते.” दिवाळीनंतरही पानं भरत गेली होती. नऊशे एक्क्याण्णवनं भागून बाकी चौसष्ट. त्याखाली शेवटचा, नऊशे सत्त्याण्णवचा भागाकार नुसता मांडून ठेवलेला, पुढं कोरं. शेजारी त्यांचं वाकडं अक्षर : ‘शेपटाचं शेत बाळूचं.’

मी चौकीपाशी गेलो. कुलूप होतं. कठड्यावर बसून भागाकार केला. भाग एक हजार दोन, बाकी नऊशे एकोणनव्वद. पुन्हा एकदा ताडून पाहिला. मग आसपास कुणी नाही असं बघून, बंद दाराकडे तोंड करून हाळी दिली... “आबा, पोचलंऽ!”